खाऱ्या हवेतली घड्याळं

वेंगुर्ल्यासारख्या गावात, समुद्र हाकेच्या अंतरावर असताना, भिंतीवरचं घड्याळ घ्यायचं तर आधी हवा बघावी आणि मग घड्याळ. रंग, आकार, नक्षी यांची पाळी त्यानंतर. हे मी ठामपणे लिहिते आहे, कारण जुन्या घराची डागडुजी झाल्यावर चार खोल्यांसाठी चार घड्याळं मी स्वतः निवडली. त्यातली दोन हाताने जुळवली, एक दुरुस्त करून घेतलं, आणि आता त्या सगळ्यांवरून एक अख्खा पावसाळा गेला आहे.

रंगाऱ्यांसाठी भिंती मोकळ्या केल्या तेव्हा जुनी घड्याळं गोणपाटावर मांडून ठेवली होती. ओटीवरचं मोठं, जुन्या रेल्वे स्टेशनच्या घाटाचं घड्याळ दिसायला पितळी. चुंबक लावलं तर टपकन चिकटलं. आत लोखंड, वर मुलामा. खारी हवा मुलाम्याच्या बारीक भेगांतून आत शिरते, खालून गंज धरतो आणि मग वरचा थर फोडासारखा उठतो. स्वयंपाकघरातल्या घड्याळाची चौकट एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची होती. तिच्या कडा फुगून वरचा कागद सुटला होता. आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. चार महिने ओल पिणाऱ्या वस्तूकडून दुसरी अपेक्षा करता येत नाही. दोन्ही घड्याळांची मशीनं मात्र ठणठणीत होती. बिघडलं होतं ते सगळं बाहेरचं.

माझ्यापुढे आणखी एक विचार होता. बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण धूसर, आणि कडेचं जवळजवळ नाहीच. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा ठरलेल्या, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी "किती वाजले गो?" अशी हाक येते. घरातल्या घड्याळांनी बाबांना कोणालाही न विचारता वेळ सांगावी, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यासाठी सगळ्यात आधी हात घातला तो माजघरातल्या लंबकाच्या घड्याळाला. पणजोबा मुंबईला गिरणीत होते. त्यांनी ते तिथे घेतलं आणि बोटीने वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरवलं, असं घरात सांगतात. तबकडीवर अन्सोनिया कंपनीचं नाव आहे. अमेरिकेत ब्रुकलिनला या कंपनीचा कारखाना होता. तो बंद पडला आणि १९२९ मध्ये त्याची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. म्हणजे आमचं घड्याळ त्याच्या आधीचं. कित्येक वर्षं ते बंदच होतं. लोक म्हणाले, आतलं मशीन काढून सेलवरचं बसव, तबकडी तीच राहील. मला ते पटलं नाही. जे यंत्र उघडून, पुसून, भोकं बुजवून पुन्हा चालू करता येतं ते फेकून द्यायला कारणच नाही.

सावंतवाडीत एक जुने कारागीर अजून अशी घड्याळं उघडतात. मी त्यांना विचारलं, "काका, मी बसून बघितलं तर चालेल?" ते म्हणाले, "ताई, बघा की. आता बघायला कोण येतंय?" आणि मी बसले.

पहिलं काम स्प्रिंगा सोडण्याचं. या घड्याळात दोन स्प्रिंगा असतात, एक चालीची आणि एक टोल्यांची. म्हणूनच तबकडीवर चावीची दोन भोकं. पोलादाची ती पात गुंडाळलेली असताना पत्रे उघडले तर ती उसळते, चाकांचे दात तोडते, बोटही कापते. काकांनी चावी घट्ट धरून खटका किंचित उचलला आणि पकड न सोडता एकेक घर मागे येऊ दिलं. मग लंबक, काटे, तबकडी, आणि शेवटी दोन पितळी पत्र्यांमधली चाकं. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात ती भोकं एका बाजूने लांबट झाली होती. मशीन बंद पडण्याचं खरं कारण हेच. काळं पडलेलं तेल आणि धूळ मिळून त्याची कानस होते, आणि ती पितळ खात राहते. काकांनी भोकं रुंद करून त्यांत पितळी बुश, म्हणजे बारीक नळ्या, ठोकले, आस घासून चकचकीत केले, सगळं रॉकेलमध्ये धुऊन वाळवलं आणि पुन्हा जुळवलं. तेल दिलं ते फक्त भोकांत, सुईच्या टोकावर मावेल एवढं. चाकांच्या दातांना तेल लावायचं नाही, तिथे ते धूळ धरतं. खोबरेल तर कधीच नाही. कोकणात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल लावायची सवय आहे आणि घड्याळात ते काही काळाने चिकट होऊन बसतं.

टोल्यांची रचना बघताना मी भान हरपून गेले. एका चाकाच्या कडेला खाचा असतात, आणि दोन खाचांमधलं अंतर वाढत जातं: एका टोल्यापुरतं, दोनांपुरतं, तिनांपुरतं, असं बारापर्यंत. अर्ध्या तासाचा एक टोला वेगळा. एक ते बाराची बेरीज ७८, त्यात अर्ध्या तासांचे १२, म्हणजे बारा तासांत ९० टोले आणि दिवसाला १८०. पण काटे कुठे आहेत हे त्या चाकाला कळत नाही. ते फक्त आपल्या पुढच्या खाचेपर्यंत मोजतं. काटे घाईने फिरवले, टोले पूर्ण होऊ दिले नाहीत, की घड्याळ चार वाजता सात ठोकायला लागतं. म्हणून काटा नेहमी पुढेच न्यायचा, प्रत्येक अर्ध्या तासाला थांबायचं आणि टोले पुरे होऊ द्यायचे. बाबांसाठी हीच गोष्ट मोलाची होती. ज्याला तबकडी दिसत नाही त्याच्यासाठी टोलेच खरे, आणि ते चुकीचे पडले तर घड्याळ नसलेलं बरं.

तबकडी जस्ताच्या पत्र्यावर चिकटवलेल्या कागदाची आहे. तिच्यावर ओलीचे तांबूस डाग आहेत. नवी छापील तबकडी मिळत होती, मी घेतली नाही. आकडे वाचता येतात, काटे ठळक आहेत, तेवढं पुरे. पेटीला आतून झुरळांनी खाल्लेला एक कोपरा मात्र गावच्या सुताराकडून सागवानात नवा करून घेतला.

घरी आणल्यावर खरं कौशल्य लागतं ते टांगण्यात. आमच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून टणक होतो, पण आत पोकळ्या असतातच. खिळा ठोकला तर कधी दगड ढपला सोडतो, कधी खिळा पोकळीत जाऊन हलत राहतो. म्हणून ड्रिलने भोक, त्यात प्लास्टिकचा प्लग आणि जाड स्क्रू. आणि भोक शक्यतो चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात नाही. भिंत आतली निवडली. नैऋत्येचा पाऊस ज्या भिंतींवर सरळ आदळतो त्या आतून गार आणि दमट राहतात, तिथे कोणतंही घड्याळ लावू नये. आतल्या भिंतीवरही मागे बुचाच्या चकत्या लावल्या, म्हणजे पेटी भिंतीला चिकटत नाही आणि मागून हवा खेळते.

पेटी सरळ आहे की नाही हे पाणसळीने बघून भागत नाही. ऐकावं लागतं. टिक आणि टॉक यांच्यामधली अंतरं सारखी हवीत. एक लांब आणि एक आखूड ऐकू आलं की लंबक काही वेळाने थांबणार हे नक्की. पेटी केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे सरकवत बाबा आणि मी ऐकत होतो. नेमकी जागा बाबांच्या कानाला आधी सापडली. त्यांनी हात वर केला, मी पेटीच्या तळाला पेन्सिलीची खूण केली आणि तिथेच खालून दोन बारीक स्क्रू देऊन तिला पक्कं केलं.

पुढचे काही दिवस वेळ जुळवण्यात गेले. आमचा लंबक वीतभर लांबीचा, म्हणून सेकंदाला साधारण दोन ठोके. मीटरभर लांबीचा असता तर सेकंदाला एकच पडला असता. गोळ्याखालचा नट फिरवून गोळा वर चढवला की घड्याळ पुढे पळतं, खाली उतरवला की मागे पडतं. रोज एकाच वेळी फोनशी ताडून बघायचं, नट थोडाच फिरवायचा आणि पुन्हा एक दिवस थांबायचं. एकाच दिवसात दोनदा फिरवून काही कळत नाही. इथे समुद्राचा एक उपकारही आहे. लंबकाची पोलादी तार उष्णतेने लांबते. तपमान दहा अंशांनी वाढलं तर घड्याळ दिवसाला पाचेक सेकंद मागे पडतं. देशावर हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. किनाऱ्यावर तेवढं नसतं. खारी हवा पत्रे खाते, पण लंबकाला स्थिर ठेवते. आता चावी रविवारी सकाळी बाबा देतात. घड्याळ आठ दिवसांचं आहे, सातव्या दिवशी चावी दिली की स्प्रिंग कधी पार सैल होत नाही. भोकं त्यांना बोटांनी सापडतात.

ओटीवर काय लावायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. सावंतवाडीची चितारआळी लहानपणापासून ओळखीची. लाकडी फळं, पाट, खेळणी तिथे रंगतात, आणि गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, रंगवण्याची परंपराही या गावाने जपली आहे. दशावतारी गंजिफांचे गोल पत्ते असतात १२०. दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येक संचात बारा पत्ते: एक ते दहा चिन्हांचे दहा, मग प्रधान आणि राजा. संचात बारा पत्ते, तबकडीवर बारा तास! हे ध्यानात आलं आणि मला दुसरं काही नको झालं. मत्स्याचा संच निवडला, कारण आमचं गाव माशांचं. एकच्या जागी एक मासा, दोनच्या जागी दोन, दहाच्या जागी दहा, अकराला प्रधान आणि बाराला राजा.

रंगवणाऱ्या ताईंना मी तीन गोष्टी सांगितल्या. लाकूड अखंड हवं, प्लायवुड नको, कारण पावसाळ्यात प्लायचे थर सुटतात. रंग आणि लाखेचा थर पुढून जेवढा, तेवढाच मागून. एकाच बाजूने बंद केलेली फळी दुसऱ्या बाजूने ओल पिते आणि वाकते. आणि मधला गोल सपाट, एकाच फिकट रंगाचा ठेवायचा. तिसरी गोष्ट ऐकून त्या जरा हिरमुसल्या, त्यांना मध्ये कमळ काढायचं होतं. पण काटे ज्या जागेवरून फिरतात ती जागा भरगच्च असेल तर वेळ वाचता येत नाही. बाजारातल्या निम्म्या कलाकुसरीच्या घड्याळांचा हाच दोष आहे. चित्र सुंदर, वर सोनेरी काटे, आणि जवळ जाऊन उभं राहिल्याशिवाय किती वाजले ते समजत नाही. मी काटे साधे, रुंद, काळे घेतले.

मशीन बसवणं कोणालाही जमण्यासारखं आहे. साधं क्वार्ट्झ मशीन शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळतं. आत दोन दांड्यांच्या चिमट्यासारखा क्वार्ट्झचा एक चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की उरतो एक, आणि त्या एका स्पंदावर सेकंद काटा एक घर पुढे जातो. बाहेरून बघायची गोष्ट एकच: काटे ज्यावर बसतात तो दांडा किती लांब. फळीच्या जाडीपेक्षा आट्यांचा भाग जास्त लांब हवा, नाहीतर पुढून नट बसत नाही. माझी फळी जाड होती, म्हणून सुताराने मागून मशीनच्या मापाची, साधारण छप्पन्न मिलिमीटर चौरसाची खाच काढून दिली. दांड्यासाठी आठ मिलिमीटरचं भोक. भोकाच्या आतल्या कडेलाही मी लाखेचा हात दिला, कारण ओल तिथूनच शिरते. काटे बसवताना तिन्ही बाराच्या रेषेत आणायचे: आधी तास काटा दाबून, मग मिनिट काटा आणि त्यावरचा बारीक नट, शेवटी सेकंद काटा. मग दांडा मागच्या चाकाने सावकाश फिरवून बघायचं की काटे एकमेकांना कुठे घासत नाहीत ना. ओटीवर येणारा प्रत्येक माणूस आता आधी मासे मोजतो आणि मग बसतो.

स्वयंपाकघरात फोडणीचा धूर, वाफ आणि वर खारी हवा. लाकूड नको, धातू तर नकोच. पणजीला पोर्तुगीज धाटणीच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशा अजून हाताने रंगवतात. भोवती पानांची वेल आणि मध्ये मोकळी जागा असलेली एक फरशी मी घेतली. भाजलेल्या मातीवरचा काचेचा थर ना गंजतो, ना फुगतो, ना तेल पितो. साबणाच्या फडक्याने पुसली की झालं. अडचण भोकाची. साध्या ड्रिलने फरशीला चीर जाते. हिऱ्याची कड असलेलं गोल टोक लागतं, खाली सपाट फळी, वरून पाण्याची बारीक धार, आणि दाब अगदी कमी. टोक पार होत आलं की हात आणखी हलका करायचा, कारण मागची कपची तेव्हाच उडते. फरशी जड असते, तेव्हा तिला मशीनच्या मागच्या प्लास्टिकच्या कडीवर टांगू नये. मी मागे सागवानी पट्टी चिकटवून तिला पितळी कडी लावली. तास दाखवायला वेलीतली बारा पानं पुरतात.

बाबांच्या खोलीतलं घड्याळ दिसायला सगळ्यात साधं आहे आणि त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. प्लास्टिकची पांढरी चौकट, मोठी पांढरी तबकडी, जाड काळे आकडे, जाड काळे काटे. गुजरातेतल्या मोरबीत अशी घड्याळं प्रचंड संख्येने तयार होतात. अजंतासारखी कंपनी १९७१ मध्ये तिथेच सुरू झाली आणि क्वार्ट्झ घड्याळ घरोघरी परवडू लागलं त्यात मोरबीचा वाटा फार मोठा आहे. 'प्लास्टिकचं' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी सांगेन की समुद्रकाठी चांगल्या प्लास्टिकइतकं निर्धास्त काही नाही. दुकानात मी काच बघत होते. फुगीर काचेवर खिडकीचा उजेड पडला की धूसर दिसणाऱ्या माणसाला तिथे फक्त एक पांढरा ठिपका दिसतो. म्हणून सपाट काच घेतली, आणि घड्याळ खिडकीच्या समोर न लावता खिडकीच्याच भिंतीवर लावलं. उंचीसाठी बाबांना पलंगावर आडवं व्हायला सांगितलं आणि भिंतीवर पांढऱ्या कागदाची गोल चकती वरखाली सरकवत विचारत गेले. उभ्या माणसाच्या नजरेला जी जागा बरोबर वाटते तिच्यापेक्षा ती बरीच खाली आली.

मशीन आवाज न करणारं, सरकत्या सेकंद काट्याचं घ्यावं असं मला वाटत होतं, झोपेच्या खोलीत बहुतेकांना तेच हवं असतं. बाबांनी नको म्हटलं. "आवाज येता म्हणान कळता, घड्याळ चालू असा." जो डोळ्यांनी काटा बघू शकत नाही त्याला टिकटिक हाच पुरावा. टिकटिकणारं घेतलं.

सेलबद्दल थोडं. घड्याळ इतकी कमी वीज घेतं की सेल वर्षानुवर्षं आत पडून राहतो, आणि पडून राहिलेला सेल पाझरतो. साध्या झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं कवचच झिजत जातं. अल्कलाइन सेलमधून पांढरा खारट थर बाहेर येतो. दोन्ही पितळी-लोखंडी पट्ट्या खातात. म्हणून सेल संपायची वाट न बघता वर्षातून एकदा बदलायचे. आम्ही त्यासाठी खंडेनवमी ठरवली आहे. पाऊस ओसरलेला असतो आणि घरातली हत्यारं, अवजारं पुसून पूजेला मांडायचीच असतात. त्यांच्यासोबत घड्याळंही उतरतात. पट्ट्यांवर पांढरा थर दिसला तर लिंबाच्या रसाचा बोळा फिरवायचा, कोरडं करायचं आणि व्हॅसलिनचा अगदी पुसट हात द्यायचा. लंबकाच्या पेटीतला पितळी गोळा आमसुलाने घासला, काटे आणि मशीनला हात लावला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला पहिल्यांदाच सगळी एकत्र उतरवून बघितली. फरशी जशीच्या तशी. मत्स्याच्या फळीवर खालच्या कडेला लाख किंचित दुधाळ झाली आहे, तिथे अजून एक हात द्यावा लागेल. फळी मात्र वाकलेली नाही. लंबकाचं घड्याळ आषाढात दिवसाला थोडं मागे पडत होतं, नट अर्धा फेरा फिरवल्यावर ताळ्यावर आलं. पडवीत मी काही लावलेलं नाही आणि लावणारही नाही, तिथे शिंतोडे सरळ आत येतात. डोंबिवलीच्या वहिनींना मत्स्याच्या घड्याळाचा फोटो फार आवडला, त्यांना तसंच कूर्माचं हवं आहे. त्यांना कळवलं आहे की आधी फळीची जाडी ठरवा आणि तसा दांडा असलेलं मशीन घेऊन ठेवा, रंगवायला मग देऊ.